लव्हाळा उपाशी ठेवावा

आधी माफी मागून घेते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही. शंका आली की मी वेलांटी अशी काढते की वाचणाऱ्याला हवी ती समजून घेता यावी. अक्षराचं तर बोलायलाच नको. जन्मभर हातात विळा होता. विळा आपल्याकडे ओढायचा असतो, तीच सवय पेनालाही लागली, त्यामुळे माझ्या ओळी खाली खाली येतात आणि पानाच्या तळाशी दाटी करतात.

आमच्या गल्लीतल्या बायकांचं मंडळ दिवाळीला हाताने लिहिलेला अंक काढतं. यंदा विषय आहे ‘माझं काम’. कोणी शिक्षिका होती, कोणी दवाखान्यात होती, त्या लिहिणार. मला विचारलं तेव्हा मी नको म्हणून मान हलवली. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. माझ्या मानेचं असंच आहे, ती काय म्हणते ते समोरच्याला उलटंच कळतं. म्हणून हे आधी घरात बसून माझ्यापुरतं लिहिते आहे. द्यायचं की नाही ते नंतर बघू.

मी लव्हाळ्याची शेती करत होते. हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं तो हसला आहे, तेव्हा तुम्हीही हसून घ्या. लोक जे उपटून बांधावर फेकतात ते मी रांगेत लावत होते.

लव्हाळ्याचं नाव ऐकून पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मोथा येतो. आमच्याकडे काही लोक मोथ्यालाही लव्हाळाच म्हणतात. पण मोथ्याची काडी दोन बोटांत फिरवली तर तीन कडा लागतात. मी सांगते तो लव्हाळा गोल असतो, दाभणासारखा गुळगुळीत. पान म्हणावं असं त्याला नसतंच. बुडाशी तपकिरी रंगाचं एक आवरण, बाकी सगळी हिरवी काडीच काडी. वरच्या टोकाच्या जरा खाली एका अंगाला फुलाचा झुबका येतो, तोही तपकिरी, जुन्या झाडूच्या तुकड्यासारखा. फुलाकडे बघून कोणी खूश होईल असं ते पीक नाही. काडी सोलली तर आत पांढरा मऊ गाभा. मुळी चिखलात आडवी पळते, हळकुंडासारखी गाठ गाठ करत, आणि गाठीगाठीला कोंब वर सोडते. काडी मधूनच कापली तर ती पुन्हा वाढत नाही, नुसती वाळते. म्हणून अगदी बुडातून कापायची. नवीन काडी मुळीतूनच येते. एकदा लावलं की वर्षानुवर्षं येत राहतं. पाणी असलं की वर, पाणी गेलं की खाली चिखलात दडी. माझ्या स्वभावाचं पीक आहे ते, दडी मारण्यापुरतं तरी.

याचं काय करतात? चटई, असं सगळे म्हणतात. मलाही आधी तेच वाटायचं. पण माझा लव्हाळा मुख्य जायचा तो पानमळ्यात. विड्याच्या पानांचा वेल शेवरीच्या झाडावर चढवतात. तो आपणहून नीट चढत नाही, जरा वाढला की बांधावा लागतो, परत वाढला की परत. सुतळीने बांधला तर सुतळी वेलात रुतते. लव्हाळ्याची काडी भिजवून घेतली की कापडासारखी मऊ होते, वेलाला काचत नाही, वाळली की घट्ट बसते, आणि वेल उतरवायची वेळ येते तोवर आपणच कुजून गळते. सोडायचे कष्ट नाहीत. बंध असावा तर असा.

आता ही शेती माझ्या वाट्याला कशी आली ते सांगते. यात माझी हुशारी काही नाही, मूर्खपणा पुष्कळ आहे.

माझं सासर मैंदर्गीच्या बाजूला. माहेर नातेपुत्याकडचं. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला जन्मले आणि दुसऱ्या टोकाला दिली. सासरी निम्मं बोलणं कानडीत. मी मुळातच कमी बोलणारी, त्यात भाषा येईना, तेव्हा पहिली काही वर्षं गावाला मी मुकीच वाटले. सासूला मी आत्या म्हणायचे. आत्या शेजारणींना सांगायच्या, “सून गुणाची हाय, उलटून बोलत न्हाय.” उलटून काय, सुलटसुद्धा बोलता येत नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. मी, आमचे मालक, सगळेच त्या कामावर गेलो. मी डोक्यावरून माती वाहिली, बांधावर टाकली, दगड रचायला दिले. काम चांगलं झालं, पुढच्या पावसात तलाव भरला. आणि त्या बांधाच्या खालीच आमचं जमिनीचं एक तुकडं होतं, ज्वारी पिकवणारं, ते पाझराने पाणथळ झालं. बैल घातला तर पोटापर्यंत रुतायचा. म्हणजे रोजगार घेऊन, घाम गाळून, मी स्वतःच्या हाताने स्वतःचं रान बुडवलं. मालक वर्षभर एकच वाक्य म्हणायचे, “दगड जरा नीट बसवले असते तर.” जसं काही सबंध तलाव मी एकटीनेच बांधला होता.

त्या पाणथळात आपोआप काय उगवलं तर दोन-चार झुबके लव्हाळ्याचे. ते बघून मला माहेर आठवलं. तिकडे कालव्याच्या काठाने लव्हाळा माजलेला असतो आणि पानमळेवाले गाडी घेऊन येतात, विकत नेतात. इकडे आमच्यापासून कोसावर पानमळे, आणि त्यांना बंधाचा लव्हाळा लांबून आणावा लागे, हे मला पाणवठ्यावर ऐकून माहीत होतं. मुक्या बाईचा एक फायदा असतो, तिच्यासमोर लोक सगळं बोलतात.

मी माहेरी गेले तेव्हा भावाकडून कालव्याच्या कडेची मुळं खणून घेतली आणि पोत्यात भरून एसटीने आणली. मुळं ओली ठेवायची म्हणून पोतं चांगलं भिजवलं होतं. मोहोळ येईपर्यंत सबंध गाडीच्या मधल्या वाटेवर चिखलाचा ओहोळ झाला. कंडक्टरने विचारलं, “पोत्यात काय आहे?” मी म्हटलं, “गवत.” तो म्हणाला, “गवत सोलापूरकडे मिळत नाही का?” मी खाली मान घातली. त्याने सामानाचं तिकीट फाडलं आणि वर म्हणाला, “बाई, हे तिकीट तुमच्या पोत्याचं. बसायला जागा मात्र त्याला देऊ नका.” सगळी गाडी हसली. मी पुढे सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते, आणि बाहेर अंधार नव्हता, चांगली दुपार होती, तरी मला काही दिसलं नाही.

लावणी भातासारखी. चिखल तुडवून लोणी करायचा, मुळीचे बोटभर तुकडे गाठीसकट करायचे, दाट दाट लावायचे. दाट लावले की काड्या एकमेकींच्या गर्दीत उजेडासाठी सरळ आणि बारीक वाढतात. घोटाभर पाणी राखायचं. मोथा आणि पाणकणीस दिसेल तसं उपटायचं, नाहीतर पाणकणीस सगळं खाऊन टाकतं. फूल पिकायच्या आधी कापणी. मग काड्या पसरून वाळवायच्या, पण दव लागू द्यायचं नाही, दव लागलं की काळ्या पडतात. वाळल्या की पेंढ्या बांधून भिंतीला उभ्या टेकवायच्या. झालं. यात चौथीच्या वरचं काही नाही.

पहिली दोन वर्षं छान गेली. विक्रीत माझं लाजणंसुद्धा उपयोगी पडलं. सगळाच माल मळ्यात खपत नसे. आखूड काड्या सोलापूरच्या मंडईत जायच्या, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला. तिथे एक बागवान चाची होती. मी तिच्यासमोर पेंढ्या ठेवून उभी राहिले. तिने भाव सांगितला. मला तो पटला होता, पण ‘हो’ म्हणायला तोंड उघडेना. चाचीने माझ्याकडे बघितलं.

“क्या गे, मुँह में दही जमाको बैठी क्या? अच्छा, एक आना और.”

मी पायाकडे बघत होते.

“बड़ी पक्की है ये तो. ले बाबा, दो आने और. अब हिलना नक्को.”

पुढल्या खेपेला मालक म्हणाले, “तुला भाव करता येत न्हाय, मी येतो.” ते आले, बोलले, पुष्कळ बोलले, आणि पहिल्यापेक्षा कमी भावात देऊन आले. त्यानंतर मंडईत मीच गेले.

मळ्यातलं माझं मोठं गिऱ्हाईक म्हणजे अप्पा. मैंदर्गीच्या अलीकडे त्यांचा जुना पानमळा. कपाळाला विभूती, अंगात कोपरी, बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि सगळं मोजून. पानमळ्याची रीत अशी की आत जाताना वहाणा बाहेर काढायच्या, देवळात जाताना काढतात तशा. आणि बाईमाणसाने आत जायचंच नाही. वेलाला विटाळ चालत नाही, पानं करपतात, असं सगळे मानायचे. मीही मानायचे. त्यामुळे मी पेंढ्या घेऊन कुंपणापर्यंत जायचे, तिथे गडी येऊन माल आत न्यायचा. आत काय होतं, वेल कसा बांधतात, माझी काडी वाळल्यावर कशी बसते, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. लोहाराने विळे करावेत आणि कापताना कधी बघू नये, तसा माझा धंदा होता. आणि मी त्यात स्वतःला मोठी वाकबगार समजत होते.

तिसऱ्या वर्षी अप्पा म्हणाले, “या वर्षी बाहेरनं आणत न्हाय. सगळा बंध तुझाच घेतो. पैशे आधी घे, माल चांगला दे.” आणि दोनशे रुपये दिले. एवढे पैसे मी एकदम हातात कधी धरले नव्हते. घरी येईपर्यंत पदराची गाठ दहा वेळा चाचपली.

आता चांगला माल द्यायचा म्हणजे काय करायचं? मला एकच गोष्ट माहीत होती. कोणाचंही चांगलं व्हावं असं वाटलं की त्याला खायला घालायचं. मुलांना घातलं, बैलांना घातलं, पाहुण्यांना तर ते हात जोडेपर्यंत घातलं. म्हणून सबंध उकिरडा उपसून मी त्या तुकड्यात ओतला. शेणखत, राख, म्हशीच्या गोठ्यातलं धुवण, सगळं. ग्रामसेवक बांधावरून जात होता. तो थांबून म्हणाला, “वहिनी, या जातीच्या पिकाला खत घालू नका. काडी माजते, टिकत नाही.” मी मान हलवली. तो समजला की मी ऐकलं. मी मनात म्हणत होते, हा शिकलेला, याला म्हशीच्या शेणाचं काय कळतं.

लव्हाळा असा आला की बघायला गाव लोटला. पुरुषभर उंच, करंगळीएवढा जाड, हिरवा काळाभोर. आत्या बांधावर उभं राहून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “दिष्ट लागंल गं.” त्यांनी मीठ-मिरच्या आणून पिकावरून ओवाळून टाकल्या. मीही काही कमी नव्हते. रोज संध्याकाळी विनाकारण तिकडून चक्कर मारायचे.

माल अप्पांना गेला. भिजवल्यावर लोण्यासारखा मऊ, गड्यांना बांधायला सोपा. अप्पांनी निरोप पाठवला, माल एक नंबर. मी तो निरोप आणणाऱ्या माणसाला दोनदा चहा दिला.

मग वैशाखात एके दिवशी वळवाचा वारा सुटला. असा वारा दरवर्षी सुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा छकडा आमच्या दारात थांबला. मी चुलीपुढून उठून दाराआड गेले. मालक बाहेर आले. अप्पा उतरले आणि एक टोपली ओट्यावर उपडी केली. तिच्यातून पडली चुरगळलेली, माती लागलेली पानं, आणि माझे बंध. वाळलेले, सुरकुतलेले, प्रत्येक बंध सैल. बोट घातलं तर दोन बोटं जातील इतका सैल.

मला तिथेच कळलं काय झालं होतं ते. खाऊन माजलेल्या काडीत सगळा गाभा आणि पाणीच. ओली असताना भरलेली दिसली, वाळली तशी आक्रसली, आणि बंधातून वेल सुटा झाला. वारा येईपर्यंत वेल सवयीने उभा होता, इतकंच. वारा आला आणि ओळीच्या ओळी शेवरीवरून घसरून खाली आल्या.

मालक बोलायला लागले. “वारंच तसं होतं, अप्पा. परवा आमच्या छपराचा पत्रा उडाला.”

“छप्पर मी बांधलं न्हाय,” अप्पा म्हणाले. “आणि शेजारच्या मळ्यात येल जागंवर हाय. त्येला बंध बाहेरचा.”

आत्या मधे पडल्या. त्या अप्पांशी कानडीत बोलल्या, बरंच बोलल्या. मला त्यातलं ‘हुडुगी’ एवढं कळलं, म्हणजे पोर. माझ्या वतीने माफी चालली होती. अप्पांचा आवाज हळूहळू उतरला. ते आत्यांना मराठीत म्हणाले, बहुतेक मला ऐकू जावं म्हणून, “जाऊ दे यव्वा. बाईमाणसाचा माल घेतला, चूक माझीच हाय. बाईमाणसाकडनं काय वसूल करायचं? साकु. इषय संपला.”

साकु म्हणजे पुरे. आत्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मालकांनी तर हातच जोडले. सगळ्यांना बरं वाटलं, एक मी सोडून. मला असं झालं की त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. शेजारच्या गावचा कोणी माणूस असता आणि त्याने असा माल दिला असता, तर त्याच्याकडून त्यांनी पैसे वसूल केलेच असते. मला मात्र सोडून दिलं, जसं मांजराने दूध सांडलं तर सोडून देतात.

मी दाराआडून बाहेर आले. पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता, त्यामुळे मला अप्पांच्या वहाणाच दिसत होत्या. त्या वहाणांना मी म्हटलं, “पैसे परत देते.”

“कशाचे?”

“दोनशे.”

“ठिवून घे. बांगड्या भर.”

“देते,” मी परत म्हटलं. एवढ्या शब्दांनी माझा दम संपला आणि मी आत निघून गेले. आत जाऊन बघते तर चुलीवरची भाकरी जळून कोळसा झालेली.

अप्पा गेल्यावर घरात जो गोंधळ व्हायचा तो झाला. मालक म्हणाले, “त्यो सोडतोय आन ही धरतीय. दोनशे रुपये झाडाला लागल्यात का?” आत्या म्हणाल्या, “झाडाला न्हाय, गवताला लागल्यात. तिच्या गवताला. तिचं ती बघंल.” आत्यांनी माझी बाजू घेतली की टोमणा मारला हे मी आजवर ठरवू शकले नाही.

मग सुरू झालं माझं खरं शिक्षण. लव्हाळा उपाशी ठेवायचा. सांगायला सोपं आहे. मी आधीचं माजलेलं पीक बुडातून कापलं, खताचा चिखल वरवरचा खरवडून बाहेर काढला, तलावाच्या बाजूचं साधं पाणी खेळतं ठेवलं. काड्या आल्या त्या पिवळट, बारीक, बघून जीव तुटावा अशा. रोज वाटायचं, थोडं तरी शेण घालावं. एकदा मूठभर राख घेऊन गेलेसुद्धा. बांधावर आत्या बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं.

“काय हाय हातात?”

“काही नाही.”

“उगड.”

मी मूठ उघडली. आत्या म्हणाल्या, “तुझ्यासारखी सासू मला भेटली असती तर मी आज बैलगाडीत मावले नसते. टाक ती राख तिकडं.”

त्या वर्षापासून मी काडी विकायच्या आधी तिची परीक्षा घ्यायला लागले. कुंपणाबाहेरची माझी शिकवणी. अंगणात शेवरीचं एक खोड रोवलं, त्याला चवळीचा वेल चढवला आणि माझ्याच बंधांनी बांधला. भिजवायचं, बांधायचं, वाळू द्यायचं, हलवून बघायचं. शेजारणी विचारायच्या, “चवळीला एवढा थाट?” चवळीला थाटाची सवय झाली असावी, त्या वर्षी शेंगा काही लागल्या नाहीत, नुसता वेल वाढला.

पैसे फेडणं मात्र मुंगीच्या पावलाने चाललं. अप्पा आता बंध बाहेरून घेत होते, माझं मोठं गिऱ्हाईक गेलं होतं. मंडईत चाचीकडे जुड्यांचा लव्हाळा, कधी कोणाला चटईला, कधी मातीच्या भांड्यांमध्ये भरायला. एका माणसाने तर म्हशीच्या पाठीला घासायला पेंढी नेली आणि आठ दिवसांनी वापरलेली परत आणून दिली, चांगली निघाली नाही म्हणून. मी त्याचे पैसे परत केले. परत करायची मला सवयच लागली होती.

थोडे जमले की मी अप्पांच्या कुंपणाशी जायचे. अप्पा दरवेळी तेच म्हणायचे, “ब्याड यव्वा, घरी ने.” ब्याड म्हणजे नको. गूळ-पाणी द्यायचे, पान द्यायचे, लेकीसारखं बोलायचे. मी पैसे पाण्याच्या तांब्याखाली ठेवून उठायचे. ते मोजत नसत. तसेच उचलून कोपरीत टाकायचे, जसं लहान मुलाने दिलेलं खोटं खोटं नाणं आपण खिशात टाकतो. मी हिशेब पाठ ठेवला होता, पण मोजणारं कोणी नसलं की फेडल्याचंही समाधान होत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या सुगीत मी पैशांबरोबर एक पेंढीही नेली. उपाशी ठेवलेल्या लव्हाळ्याची, बारीक, पिवळट, दिसायला अगदी दरिद्री. अप्पांनी ती हातात धरली आणि म्हणाले, “हे काय आणलंस? आजारी हाय काय?”

मी म्हटलं, “एका ओळीला बांधून बघा.”

“आन येल पडला तर?”

“तर दोनशेत अजून घाला.”

अप्पांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं असावं. म्हणजे तसं मला वाटलं, मी वहाणाच बघत होते. त्यांनी गड्याला हाक मारून पेंढी आत दिली, आणि एक ओळ बाजूला धरून तिला तीच वापरायला सांगितली. बंध मला दिसणार नव्हते. मी घरी जाऊन अंगणातली चवळी हलवत बसले.

तो वैशाख मी कसा काढला ते विचारू नका. वारा सुटला की मी दारात उभी. मालक म्हणायचे, “येल त्यांचा, वारं देवाचं, तू का घामाघूम?” वारा आला, गेला, परत आला. अप्पांकडून निरोप नाही, छकडाही नाही. मृग लागायच्या आधी गडी आला आणि म्हणाला, “अप्पा इचारत्यात, ते आजारी गवत किती हाय?”

मी सगळंच नेलं. आणि या वेळी अप्पांनी भाव केला. असा भाव केला की मंडईतली चाची त्यापुढे देवमाणूस. पेंढी उचलून वजन बघितलं, काड्या मोडून बघितल्या, दोन ओल्या आहेत म्हणून बाजूला काढल्या, बांधायचा दोर तुझाच की आमचा म्हणून विचारलं. मी गप्प उभी राहिले, पण अप्पांपुढे गप्प राहून भाव वाढत नाही, ते माझ्यापेक्षा जास्त वेळ गप्प राहू शकतात. शेवटी मला बोलावं लागलं. मी भाव सांगितला. त्यांनी कमी सांगितला. मी परत सांगितला. घासाघीस करताना माझा पदर मागे सरकला आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या मालाच्या पैशातून, आधीचे दिलेले धरून, राहिलेले सगळे एकदम फेडता येत होते. मी तिथेच पैसे वेगळे काढले, घरून आणलेले थोडे पैसे त्यात घातले आणि त्यांच्यापुढे धरले. या वेळी तांब्या नव्हता. अप्पांनी बोट ओलं केलं आणि मोजायला लागले. एकेक नोट उजेडात धरून. मोजून झाल्यावर त्यांनी एक दहाची नोट बाजूला काढली आणि माझ्याकडे परत सरकवली.

“ही फाटकी हाय. चालत न्हाय.”

ती मी घरून आणलेली होती. मधोमध फाटलेली, मागून कागद चिकटवलेला. मी म्हटलं, “बाजारात चालते.”

“मग बाजारात चालीव. मला चांगली दे.”

मी ती नोट घेऊन मैंदर्गीच्या पेठेत गेले. किराणावाल्याने नको म्हटलं, कापडवाल्याने तर हातही लावला नाही. शेवटी तेलाच्या दुकानदाराने घेतली, पण आठ आणे कमी देईन म्हणाला. मी म्हटलं दे. ते आठ आणे माझ्याकडे एसटीचे म्हणून ठेवलेले होते, ते घालून दहा पुरे केले आणि परत कुंपणाशी आले.

अप्पा तिथेच उभे होते. नव्या नोटा आणि सुटे पैसे त्यांनी आधीच्या पैशांत मिसळले आणि सगळे पहिल्यापासून परत मोजले. “बरोबर हाय,” ते म्हणाले, “दोनशे पुरे.” पैसे कोपरीच्या आतल्या खिशात घातले, वहाणा काढल्या आणि आत मळ्यात निघून गेले. मी घरापर्यंत चालत आले.